गल्ल्यावर बसतं कोण आणि मशीन निवडतं कोण?



गेल्या महिन्याभरात तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. "दुकानासाठी बिलाचं मशीन घ्यायचंय, स्वस्तातलं कुठलं चांगलं?" तिघींनाही मी उलट विचारलं, "दुपारी गल्ल्यावर कोण बसतं?" तिघी म्हणाल्या, "मीच की." मग म्हटलं, "आणि मशीन बघायला कोण गेलं होतं?" एकीचे मिस्टर गेले होते, दुसरीचा दीर, आणि तिसरीचा अकरावीतला मुलगा, कारण 'त्याला त्यातलं कळतं'.

म्हणून हा लेख. थोडा रागात लिहिलाय, सांभाळून घ्या.

आमचं दुकान किराण्याचं, दहा बाय चौदाचं. दिवसाला ऐंशीएक गिऱ्हाईक, सात हजारांच्या आसपास विक्री. सकाळी नऊपर्यंत आमचे हे, नंतर मी, दुपारी मी जेवायला गेले की सासूबाई, आणि संध्याकाळी पुन्हा हे. सासूबाई चौथी शिकलेल्या, पण पावणेदोन किलो तांदळाचे पैसे तुम्ही मोबाइल काढेपर्यंत सांगून मोकळ्या. एवढ्याशा दुकानासाठी दोन वर्षांपूर्वी एक विक्रेता मोठी टच स्क्रीन घेऊन आला. काउंटर अडीच फुटांचा, त्यातला दीड फूट तिनेच व्यापला. ४२,००० रुपये, हप्त्याने मिळेल, पहिलं वर्ष सॉफ्टवेअर फुकट आणि पुढे दरवर्षी ६,००० भरायचे. नाही भरले तर काय, असं मी विचारलं. "बंद पडत नाही ताई, फक्त नवीन आयटम टाकता येणार नाहीत." किराण्याच्या दुकानात नवीन आयटम टाकता येणार नाहीत म्हणजे बंदच की हो!

नमुन्याचं बिल काढून दाखवलं तर त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे छापलेले. आमची वर्षाची उलाढाल पंचवीस लाखांच्या आसपास. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि आमची नोंदणी नाही. ज्याची नोंदणी नाही त्याला बिलावर कर लावून घेताच येत नाही, तो कायद्याने गुन्हा. हे त्या विक्रेत्याला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून बिल भारदस्त दिसावं म्हणून छापलं होतं, कोण जाणे. आमच्या घरातल्या पुरुषांनी मात्र बिल हातात धरून "मोठ्या दुकानासारखं वाटतंय" म्हटलं. मोठ्या दुकानासारखं वाटण्याचे ४२,०००!

जरा हिशेब मांडू या. सात हजारांच्या विक्रीवर दहा टक्के सुटतात असं धरलं, तर दिवसाचे ७०० रुपये. त्यातूनच लाइट बिल, भाडं आणि मोलकरणीचे पैसे जाणार. पाच वर्षांत त्या स्क्रीनला ४२,००० आणि चार वेळा ६,००० मिळून ६६,००० लागले असते. म्हणजे चौऱ्याण्णव दिवस दुकान नुसतं त्या स्क्रीनसाठी उघडायचं. मी शेवटी घेतलं ते कळांचं साधं बिलिंग मशीन ८,५०० ला, आणि खाली ठेवायचा पैशाचा ड्रॉवर २,८०० ला. ११,३०० म्हणजे सोळा दिवस.

पण 'स्वस्त' एवढ्यावरच ठरवू नका. मी स्वस्तच्या मुद्द्यावर आलेच नव्हते आधी. मी आले एका मुलीच्या मुद्द्यावरून, आणि ते सांगायला मला अजून जड जातं.

आमच्याकडे मदतीला एक मुलगी होती. बारावी झालेली, हसरी, हाताला चलाख. आपल्या घरांत संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत, हे तुम्हाला काय सांगायचं. साडेपाच ते साडेसहा मी आणि सासूबाई चुलीपाशी, मुलं ताटावर, आणि हेसुद्धा मध्ये दहा-पंधरा मिनिटं जेवून जायचे. तेवढ्या वेळात गल्ल्यावर ती एकटी असायची. पावसाळ्यात भाऊजींनी हिशेब घातला. आणलेला माल, उरलेला माल, बँकेत भरलेले पैसे. महिन्याला चार हजारांच्या आसपास कमी येत होते. घरात बोलणं झालं. कुणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. नुसतं ठरलं की 'ती एकटी असते तेव्हाच होत असणार'. दुसऱ्या दिवशी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. सांगायला मलाच पुढे केलं. तिने काही विचारलं नाही. शटरची किल्ली काउंटरवर ठेवली आणि चप्पल घालून गेली.

पुढच्या महिन्यातही चार हजार कमी!

तेव्हा मी एका जुन्या डायरीत नऊ दिवस लिहून काढलं, घरातलं कोण कधी गल्ल्यातून काय उचलतं ते. दूध रोजचे ६०, म्हणजे ५४०. भाजी ३१०. मुलाच्या रिक्षाला २००. मंदिरात १०१. इस्त्रीवाला ६४. बेरीज १,२१५. महिन्याला चार हजार पन्नास! यातले निम्म्याहून जास्त पैसे माझ्या स्वतःच्या हाताने काढलेले. मी चोरी केली नव्हती, घरचेच पैसे होते. पण लिहिले नव्हते, आणि न लिहिलेल्या पैशाचा आळ घेतला गेला तो लिहिण्याचा अधिकार नसलेल्या मुलीवर.

त्या वर्षी क्षमावाणीला मी दीडशे जणांना मेसेज पाठवले होते. तिला पाठवला नव्हता. नंतर तिच्या घरी गेले. तिच्या आईने चहा दिला. मुलगी दुसऱ्या दुकानात लागली होती, ती परत आली नाही. का यावं?

तर मैत्रिणींनो, मशीन कशासाठी घ्यायचं याचं उत्तर मला तिथे मिळालं. सगळे विक्रेते सांगतात, नोकरावर नजर ठेवायला घ्या. या यंत्राचा जन्मच त्या संशयातून झालाय म्हणा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता. नोकर पैसे खातात या विवंचनेत तो असायचा. बोटीने युरोपला जाताना त्याने जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं आणि तसंच पैसे मोजायला का नको म्हणून परत येऊन खटपट केली. १८७९ साली त्याचं पेटंट मिळालं. लाच न खाणारा रोखपाल अशा अर्थाचं नावही त्याने यंत्राला दिलं. (दारूच्या गुत्त्यातून निघालेली वस्तू आपल्या काउंटरवर, बघा!) त्याच्या गुत्त्यात काय चालायचं ते तो जाणे. आपल्या दुकानांत मात्र गल्ल्यात हात घालणारे पहिले आपण असतो. मालक, मालकीण, मालकाची आई, मालकाचा मुलगा. आपला हात मोजणारं मशीन पाहिजे.

आणि ते मशीन महाग नसतं. जगभर जी साधी कॅश रजिस्टरं विकली जातात त्यांवर जुन्या काळापासून एक कळ असते, 'पेड आउट'. विक्री सोडून दुसऱ्या कारणाने ड्रॉवरमधून पैसे काढले की ती दाबून रक्कम टाकायची. आपल्याकडच्या बिलिंग मशीनमध्ये काहींत ती 'एक्स्पेन्स' नावाने असते, काहींत मेनूमध्ये लपलेली असते, आणि काहींत नसतेच. नसेल तर मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. माझ्या मशीनवर त्या कळेवर मी पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनाने 'घर' असं लिहिलं. दुधाचे साठ काढायचे, 'घर' दाबायचं, साठ. सासूबाई दोन दिवसांत शिकल्या. ह्यांना तीन महिने लागले. न येण्यामुळे नव्हे, लाजेमुळे. आपल्याच गल्ल्यातून पैसे घ्यायला कळ कसली दाबायची, म्हणे.

दुसरी गोष्ट झेड रिपोर्ट. दिवसाच्या शेवटी काढायचा. त्यात दिवसाची बेरीज येते आणि मशीन शून्यावर जातं, म्हणून रोज एकदाच. अधेमधे नुसतं बघायचं असेल तर एक्स रिपोर्ट, त्याने काही पुसलं जात नाही. झेडला क्रमांक असतो. आज २१४ तर उद्या २१५. मधला एखादा नसेल तर कुणीतरी फाडला. आणि एक 'नो सेल'ची कळ असते, बिल न करता ड्रॉवर उघडायची. दिवसात ती किती वेळा दाबली तेही चांगल्या मशीनच्या रिपोर्टात छापून येतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात एका दिवशी एकोणीस वेळा! सुट्टे द्यायला, म्हणाले.

तिसरं म्हणजे पैसे कशाने आले ते वेगळं पडायला हवं. रोख, यूपीआय, उधारी. हे नसेल तर आजच्या काळात संध्याकाळचा मेळ लागतच नाही. परवाचा आमचाच झेड सांगते. सकाळी सुट्टे ५०० ठेवलेले. विक्री ६,८४०. त्यात यूपीआयने २,९१०, उधारीवर ४३०. 'घर' ३२०. म्हणजे ड्रॉवरमध्ये ३,६८० असायला हवेत. मोजले तर ३,६७०. दहा रुपये कमी. दहा रुपयांसाठी मी कुणाकडे बघितलं नाही, आणि कुणी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढ्यासाठी मी ११,३०० दिले, आणि मला ते स्वस्त वाटतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. सुट्टा माल विकत असाल तर वजनावर हिशेब झाला पाहिजे. दुकानात उभं राहून विक्रेत्याला सांगा, साडेतीनशे ग्रॅम शेंगदाणे, १४० रुपये किलो, बिल काढा. ४९ यायला हवेत, आणि तीन-चार कळांत. त्याला दहा कळा लागल्या तर गर्दीच्या वेळी तुम्हाला वीस लागतील. मग सांगा, एक साबण परत केला. ते कसं करतात ते त्याने न चुकता दाखवलं पाहिजे. लाइट गेल्यावर किती वेळ चालतं? आत बॅटरी असलेलंच घ्या. छपाई मराठीत होत असेल तर उत्तमच, नसेल तरी अडत नाही, गिऱ्हाईक आकडे बघतं. कागद ५८ मिलिमीटरचा साधा थर्मल रोल, कुठेही मिळणारा. आमचा दोन दिवसांना एक जातो. जी कंपनी 'फक्त आमचाच रोल' म्हणेल तिला दुरून नमस्कार. थर्मल छपाई उन्हाने, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्याने उडते, कोरा कागद उरतो. म्हणून झेडची बेरीज मी रोज वहीत शाईने उतरवते. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना तर हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीनंतर ७२ महिने जपून ठेवायचा असतो. तोवर त्या कागदांचं काय होईल ते बघा.

नोंदणी असलेल्यांसाठी आणखी एक. कराचे दर स्वतःला बदलता आले पाहिजेत. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले. साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८ टक्क्यांवरून ५ वर, तूप आणि फरसाण १२ वरून ५ वर आले. माझ्या ओळखीच्या एका दुकानात मशीन देणाऱ्याने दर बदलायला माणूस पाठवायचे पैसे मागितले, आणि तो माणूस दोन दिवस आलाच नाही. ऐन नवरात्रात त्या बिचारीने हाताने बिलं लिहिली. घेतानाच म्हणा, "दर कसा बदलायचा ते मला आत्ता करून दाखवा." मला म्हणजे मला. मुलाला नव्हे.

आता येते त्या वाक्यावर जे आपल्या घरोघरी ऐकू येतं. "मशीन आणलं की सगळं दिसतं. टॅक्सवाले मागे लागतील. चिठ्ठ्याच बऱ्या." मोठे, जाणते लोक हे बोलतात. त्याच विक्रेत्याने आमच्या ह्यांना हळूच सांगितलं होतं की यात नंतर बिल पुसायची सोय आहे, नंबरसुद्धा आपोआप जुळून जातो. सोय! दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. सातव्या दिवशी सातव्यात व्रतांचे अतिचार येतात. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणं. आपण दरवर्षी हात जोडून ते ऐकतो, आणि दुकानात येऊन बिल पुसायच्या सोयीचे पाच हजार जास्त मोजायला तयार होतो. आणि भीती तरी कसली? लहान दुकानाला कायद्याने सवलती आहेतच. ४० लाखांच्या आत नोंदणी सक्तीची नाही. त्याच्यावर दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे, व्यापाऱ्याला उलाढालीवर एक टक्का. नेहमीची नोंदणी असली तरी दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीला, गिऱ्हाईक मागत नसेल तर, वेगळं बिल द्यावं लागत नाही, दिवसअखेर एकत्र करता येतं. हे कुठलंही ज्यांना माहीत नाही तेच चिठ्ठ्यांचं कौतुक सांगतात.

शिवाय चिठ्ठ्यांच्या हिशेबात बाईचं काय होतं ते मला दिसलंय. चिठ्ठ्यांचा हिशेब फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो. तो माणूस आजारी पडला, नाही राहिला, की त्याच्या बायकोला दुकानाबद्दल काही ठाऊक नसतं. कुणाकडे किती उधारी, कुणाचं किती देणं, सगळं लोक सांगतील ते खरं. आपल्या प्रत्येकीच्या नात्यात अशी एक तरी काकू-मावशी निघेल. तिला दुकान चालवता आलं नसतं असं नाही. तिला वाचता येईल असं काही ठेवलंच नव्हतं.

मोबाइलवरच्या बिलाच्या ॲपबद्दलही विचारतात. ॲप आणि तीनेक हजारांचा ब्लूटूथ प्रिंटर, स्वस्त पडतं खरं. पण मोबाइल कुणाचा? ह्यांचा असेल तर हे सांगलीला माल आणायला गेले की दुकान मुकं. तुमचा असेल तर बिल करताना माहेरचा फोन येणार. दुकानापुरता एक जुना मोबाइल वेगळा ठेवणार असाल तर खुशाल करा, मात्र ॲपमध्ये खर्चाची नोंद आणि दिवसाचा रिपोर्ट फुकटात मिळतो का ते आधी बघा. आज फुकट असलेलं उद्या वर्गणी मागतं.

आणि सगळ्यांनी मशीन घ्यावंच असं मी म्हणत नाही. घरून पापड, चटण्या, मसाले विकणारी असेल, दिवसाला दहा-बारा गिऱ्हाईकं, तिला छापखान्यातून करून आणलेलं नंबर घातलेलं कार्बनचं बिलबुक, एक कॅल्क्युलेटर आणि कुलपाचा डबा पुरे. पण डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा आणि घरासाठी काढाल ते त्यावर लिहा. सुरुवात तिथूनच करा. नऊ दिवस करून बघा, आणि बेरीज मला सांगू नका, घरात सांगा.

मशीन घ्यायला जाल तेव्हा गल्ल्यावर जी दुपारी बसते तिला न्या. सासूबाई बसत असतील तर सासूबाईंना न्या, चष्म्यासकट. मी आमच्या सासूबाईंना रिक्षाने नेलं. त्यांनी तीन मशीनांवर बोट दाबून बघितलं. एकाच्या कळा फार लहान, एकाच्या पडद्यावरचे आकडे फिके. तिसऱ्यावर त्यांनी स्वतः शेंगदाण्याचं बिल काढलं आणि विक्रेत्याला म्हणाल्या, "ह्याच्यात आमची चूक दुरुस्त होती का?" तो म्हणाला, "होते की, आजी." "आणि चूक झाल्याली दिसती का?" तो म्हणाला, "रिपोर्टात येते." "मग हेच द्या."

आमचं मशीन बघायचं असेल तर दुपारी अडीच ते चारच्या मध्ये या, तेव्हा गर्दी नसते. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. साडेपाचनंतर येऊ नका, तेव्हा मी चुलीपाशी असते आणि गल्ल्यावर नवी मुलगी एकटी असते. तिचा स्वतःचा ऑपरेटर नंबर आहे, माझा वेगळा, ह्यांचा वेगळा. ते कसं घालायचं तेही दाखवीन.